वडिलांनी शिकवलेली फुली

रविवारी संध्याकाळी सातला हॉलमधला फोन वाजायचा आणि कोणी तो उचलायचं नाही. सहा रिंगा झाल्या की मशीन सुरू व्हायचं. आधी घरमालकांच्या वारलेल्या बायकोचा आवाज, ‘आम्ही सध्या घरी नाही’, मग एक टूँ, आणि मग दूरवरून एका म्हाताऱ्या माणसाचं घसा खाकरणं.

“मीच. इथे पाऊस आहे. गुडघा बरा आहे. शेजारची दुकानातून सामान आणून देते. बरं. ठेवतो.”

घरमालक फोनपासून चार फुटांवर खुर्चीत बसलेले असायचे. टीव्हीचा आवाज त्यांनी आधीच बंद केलेला असायचा. फोन संपला की आवाज पुन्हा चालू. पहिल्या रविवारी मला वाटलं त्यांना ऐकू आलं नसेल. तिसऱ्या रविवारी माझ्या लक्षात आलं की सातच्या आधी ते दाढी करून बसतात.

हे मेलबर्नचं, दुसऱ्या मोठ्या लॉकडाऊनचं. आधी मी दोन मुलींबरोबर फ्लॅटमध्ये राहायचे. दोघीही जे मिळालं त्या विमानाने भारतात निघून गेल्या. माझी नोकरी नवी होती, व्हिसा तिच्यावर अवलंबून होता, म्हणून मी राहिले. एकटीला फ्लॅट परवडण्यासारखा नव्हता. ग्लेन वेव्हर्ली या उपनगरात एका ऐंशी उलटलेल्या इंग्रज गृहस्थांच्या घरात मागची खोली मिळाली. त्यांना मूलबाळ नव्हतं. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात कोणीतरी असावं असं त्यांच्या डॉक्टरला वाटत होतं. त्यांना स्वतःला वाटत होतं की नाही, माहीत नाही.

मला ते सोयीचं होतं, कारण मीही फार बोलत नाही. शाळेत प्रत्येक प्रगतिपुस्तकावर ‘शुड पार्टिसिपेट मोअर’ लिहिलेलं असायचं. ऑफिसच्या मीटिंगांना मी कॅमेरा बंद ठेवायचे, आणि रात्री लक्षात यायचं की दिवसभरात आपण फक्त ‘थँक्स, बाय’ एवढंच बोललो. पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी होती. मी मास्क लावून तासभर चालून यायचे. समोरून येणारी माणसं रस्ता ओलांडून पलीकडे व्हायची. मीही व्हायचे.

दुपारी चारला ते चहा करायचे. दोन कप. माझा कप ओट्यावर ठेवून खोलीच्या दिशेने एकदा “पेट!” अशी हाक मारायचे. त्यांच्या गावाकडे, इंग्लंडच्या उत्तरेला, लेकीबाळींना असंच म्हणतात. मी त्यांना कशानेच हाक मारत नसे. नावाने हाक मारायला जीभ रेटत नव्हती आणि काका म्हणायला ते माझे कोणी नव्हते. आमचं बोलणं सगळं इंग्रजीतच झालं. पण आता मराठीत लिहिताना ते मला तू म्हणताहेत आणि मी त्यांना तुम्ही, असंच ऐकू येतं.

भावाचं त्यांनी मला स्वतःहून सांगितलं, एका चहाच्या वेळी, खिडकीबाहेर बघत.

“तो माझा धाकटा भाऊ. रविवारचा.”

मी म्हटलं, “अच्छा.”

“त्याने निळ्यांना मत दिलं.”

मी कप हातात धरून उभी राहिले. निळे म्हणजे कोण, ते मला माहीत नव्हतं. माझा गप्पपणा त्यांना ऐकण्यासारखा वाटला असावा, कारण ते पुढे बरंच बोलले. त्या महिन्यांतलं माझं सगळ्यात लांब संभाषण तेच.

त्यांचं गाव कोळशाच्या खाणीचं. आजोबा खाणीत, वडील खाणीत, हे स्वतःही पंधराव्या वर्षापासून खाणीत. तिथे मजुरांचा पक्ष लाल आणि मालकांचा निळा. निवडणूक आली की गल्लीतल्या प्रत्येक घराच्या पुढच्या खिडकीत लाल कागद लागायचा. कोपऱ्यावरच्या एका घरात लागायचा नाही. ते खाणीच्या मॅनेजरचं घर. “आमच्याकडे दिव्याच्या खांबाला लाल रिबीन बांधली असती तर खांब निवडून आला असता.” मला हसू आलं. आमच्याकडे दगडाला शेंदूर फासतात तसंच ते.

मतदानाच्या दिवशी वडील पाळीवरून येऊन अंघोळ करायचे, लग्नातला सूट घालायचे आणि दोन्ही मुलांना घेऊन शाळेच्या इमारतीत जायचे. मुलं बाहेर थांबायची. परत आल्यावर वडील स्वयंपाकघरातल्या टेबलावर, सांडलेल्या पिठात, बोटाने एक चौकोन काढायचे आणि त्यात एक फुली. एकच फुली. आपल्या माणसासमोर. मग घडी घालायची आणि पेटीत टाकायची, कोणाकडे बघायचं नाही. मुलांनाही तसं करून दाखवावं लागायचं. “बायबल शिकवलं नाही त्यांनी आम्हाला. एवढंच शिकवलं.”

तिकडे त्यांना दोनदाच मत द्यायला मिळालं. मग बायकोबरोबर ते जहाजाने इथे आले. भाऊ तिथेच राहिला. खाण बंद झाली तेव्हाही, गाव रिकामं झालं तेव्हाही. वर्षानुवर्षं दोघे रविवारी बोलायचे. आणि मागच्या डिसेंबरात, तिकडच्या मोठ्या निवडणुकीनंतर, भावाने आपणहून सांगितलं.

“लपवू शकला असता,” मी म्हटलं.

“तेच तर. लपवायला हवं होतं त्याने. लाज वाटून.” त्यांनी कप विसळला. “वडिलांचं मत होतं ते. त्याने विकलं.”

तेव्हापासून ते फोन उचलत नव्हते. जवळचं असं जगात दोघांनाही दुसरं कोणी उरलं नव्हतं. भाऊही एकटाच राहायचा. दोघांपैकी एकाला तिकडे किंवा इकडे काही झालं असतं तर विमानंसुद्धा बंद होती. हे मला कळत होतं तसं त्यांनाही कळत असणार. म्हणून तर ते दाढी करून बसायचे.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला नगरपालिकेच्या निवडणुकीचं पाकीट आलं. सगळी निवडणूक पोस्टाने होती. इथे मत द्यावंच लागतं, नाहीतर दंड होतो. मला मत नव्हतं, मी इथली कोणीच नव्हते. तेही इथले नागरिक झालेले नव्हते. पण पूर्वी आलेल्या ब्रिटिशांची नावं तशीच मतदारयादीत घेतली होती आणि ती राहून गेली होती.

त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि ऑपरेशन महामारीमुळे पुढे ढकललं होतं. त्यांनी मला उमेदवारांची पुस्तिका वाचून दाखवायला सांगितलं. सहा उमेदवार. प्रत्येकाचा फोटो आणि चार वाक्यं.

“पक्ष लिहिलेत का?”

“नाही.”

“मग आपला कोण ते कसं कळायचं? वाच.”

मी वाचलं. फुटपाथ, झाडं, कचऱ्याचे डबे. चौथ्या बाईंनी लिहिलं होतं की त्या नर्स आहेत आणि वीस वर्षं युनियनमध्ये आहेत.

“ही,” ते म्हणाले. “थांब. बोट ठेव तिच्यावर.”

मी मतपत्रिकेवर तिच्या नावाशी बोट ठेवलं. त्यांनी भिंगातून बघत, पेन घट्ट धरून, चौकटीत फुली काढली. सुंदर फुली होती. दोन्ही रेघा सारख्या लांबीच्या. मग घडी घातली, पाकिटात टाकली, जिभेने ओलं करून पाकीट बंद केलं.

घडी घालण्याआधी मतपत्रिकेच्या माथ्यावरची ठळक ओळ मी वाचली होती. सगळ्या उमेदवारांना पसंतीचे आकडे द्या, एकपासून सहापर्यंत, एकही चौकट रिकामी ठेवू नका.

“तुम्ही नेहमी असंच करता?” मी विचारलं.

“कसं?”

“फुली.”

“मग काय चित्र काढू?”

“इथे आल्यापासून?”

“पेट, मी इथे आलो तेव्हा तुझे वडील चड्डीत असतील. प्रत्येक निवडणुकीला. एकही चुकवली नाही. मतदान केंद्राच्या फाटकापाशी ती मंडळी उभी असतात ना, असं करा तसं करा म्हणून कागद वाटत? त्यांचा कागद मी हातात घेत नाही. मला मत द्यायला शिकवतात!”

पाकीट त्यांनी माझ्याकडे दिलं, फिरायला जाशील तेव्हा पेटीत टाक म्हणून. मी ते टेबलावर लॅपटॉपशेजारी ठेवलं आणि टाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीटिंग चालू असताना, कॅमेरा बंद होता म्हणून, मी नियम शोधले. नगरपालिका, राज्य, देश, सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच. आकडे घालायचे. एका फुलीचं मत बाद. यादीत नावापुढे खूण होते, त्यामुळे दंड येत नाही, पत्र येत नाही, कोणी काही सांगत नाही. कागद मात्र बाजूच्या गठ्ठ्यात जातो. म्हणजे जहाजातून उतरल्यापासून या माणसाचं एकही मत मोजलं गेलं नव्हतं. आणि भावाशी बोलणं तोडलं होतं ते एका मतासाठी.

हे सांगायचं की नाही, यावर मी चार दिवस काढले. न सांगणं मला जमतं. त्यात मी हुशार आहे. पण पाकीट रोज समोर होतं. सांगितलं तर ते मोडतील असं वाटायचं. आणि खरं सांगायचं तर चारची हाक बंद होईल अशी भीती जास्त होती. दुसरी हाक मारणारं तिथे कोणी नव्हतं.

त्याच आठवड्यात पुण्याला फोन केला तेव्हा मी बाबांना विचारलं, अगदी सहज वाटेल असं.

“बाबा, आपण दर वेळी त्यांनाच का मत देतो?”

“कोणाला?”

“तुम्ही सांगता त्यांनाच.”

“का म्हणजे काय? आपण त्यांचेच आहोत. तुझे आजोबासुद्धा.”

“पण समजा त्यांनी काम नाही केलं तर?”

“केलं नाही असं कोण म्हणतं? तिथे कोणाच्या नादाला लागलीयेस तू? जेवलीस का?”

“वरण-भात.”

“रोज वरण-भात? भाजी मिळत नाही का तिथे?”

आमच्या घरी मतदानाच्या सकाळी बाबा दारात उभं राहून सांगायचे, वरून तिसरं. मग आम्ही रांगेत, मग शाई लावलेल्या बोटांचा फोटो ग्रुपवर. मी निघायच्या आधी एकदाच मत दिलं होतं. वरून तिसरं. बटण दाबताना मी काही विचार केल्याचं मला आठवत नाही. दार ओढून घ्यावं तसं ते दाबलं.

आईने फोन घेतला. ती बोलता बोलता चालत होती; पंख्याचा आवाज गेला आणि कुकरचा आला. मग तिने आवाज उतरवला.

“त्यांना कशाला विचारत बसतेस?”

“सहज गं.”

“मी नाही दाबत तिसरं.”

“काय?”

“ओरडू नको. पहिल्यांदा दिलं तेव्हाच नाही दाबलं. माझी मी ठरवते.”

“बाबांना माहितीये?”

“त्यांनी कधी विचारलं? ते सांगतात फक्त.”

“आणि तू काय म्हणतेस?”

“मी हो म्हणते. घरी येऊन पोहे टाकते. त्यांचा दिवस छान जातो. तू बोलू नकोस हं, उगाच बीपी वाढायचं. आणि पालक आण, फ्रोजन चालतो.”

मी फोन ठेवला. माझ्या आईचं मत कोणालाच माहीत नव्हतं आणि ते दर वेळी मोजलं गेलं होतं. आणि इथे, भिंतीपलीकडे, ज्यांचं मत सगळ्या जगाला माहीत होतं त्यांचं एकदाही नाही. मला वाटलं, आईसारखंच गप्प बसावं. ते जातील तेव्हा समाधानाने जातील. मी पाकीट पर्समध्ये टाकलं, सोमवारी पोस्टात टाकायचं ठरवलं.

मधे रविवार होता.

सातला फोन वाजला. सहा रिंगा. बाईंचा आवाज. टूँ. त्या दिवशी घसा खाकरणं जरा जास्त वेळ चाललं.

“मीच. ऐक, शुक्रवारी मला दवाखान्यात घेताहेत. पोटात काहीतरी आहे, ते कापून बघणार. भेटायला कोणाला सोडत नाहीत, तसंही कोण येणार आहे. तर… त्याआधी तू एकदा उचललास तर बरं होईल. नाही उचललास तरी ठीक. बरं.”

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात ताट. ते खुर्चीत होते. गाल नुकतेच दाढी केलेले, लालसर. मला वाटलं ते आता उठतील. त्यांनी रिमोट उचलला.

“ज्यांना निवडून दिलंय त्यांना सांग म्हणावं शुश्रूषा करायला.”

ते फार वाईट वाक्य होतं. त्यांनाही ते वाईट वाटलं असणार, कारण टीव्हीचा आवाज त्यांनी लावलाच नाही. पण मी तोपर्यंत बोलून गेले होते.

“तुमचं मत मोजलंच जात नाही.”

“काय?”

आता थांबता येत नव्हतं. मी पर्समधून पाकीट आणलं, पुस्तिका आणली, ती ओळ दाखवली. आकडे घालावे लागतात हे सांगितलं. फुलीचं मत बाद होतं हे सांगितलं. “याच वेळी नाही. नेहमीच.” माझं इंग्रजी, शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसारखं, फार शुद्ध येत होतं. त्यांनी भिंग घेतलं. ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग पाकिटावरून अंगठा फिरवला, जणू आतली फुली बाहेरून हाताला लागेल.

“बरं,” ते म्हणाले, आणि आपल्या खोलीत गेले.

सोमवारी चारला मी खोलीत कान देऊन बसले होते. किटलीचा आवाज आला. कप ठेवल्याचा आला, एकच. हाक आली नाही. मी साडेचारला बाहेर गेले तेव्हा ओट्यावर काही नव्हतं आणि त्यांच्या खोलीचं दार बंद होतं. त्या दिवशी मी ‘थँक्स, बाय’सुद्धा कोणाला म्हटलं नाही. मी फ्लॅटच्या जाहिराती बघितल्या. माझ्यासारख्या माणसाने चार वर्षांतून एकदा तोंड उघडावं आणि ते असं, याचा मला राग येत होता. चूक सांगितली याचा नाही, ज्या क्षणी सांगितली त्याचा. मी ते त्यांच्या भल्यासाठी सांगितलं नव्हतं. त्यांना लागावं म्हणून सांगितलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी माझ्या दारावर टकटक झाली. ते कधी माझ्या दारापर्यंत येत नसत.

“बाहेर ये. फोन लावायचाय.”

“नंबर लावून देऊ?”

“नंबर येतो मला. तू नुसती बस. मी काही घाणेरडं बोलायला लागलो तर खोक.”

त्यांनी नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि मला समोरची खुर्ची दाखवली. पलीकडे सकाळ होती. फोन पहिल्याच रिंगेला उचलला गेला.

“अरे वा,” भाऊ म्हणाला. “मला वाटलं तू मेलास.”

“अजून नाही.”

“बरं आहेस?”

“डोळा जरा. तू?”

“पोट जरा.”

मग काहीच नाही. हे घड्याळाकडे बघत होते. मी खोकले, कारण न बोलणंही घाणेरड्यातच येतं असं मला वाटलं.

“कोण खोकतंय?” भाऊ म्हणाला. “घरात कोण आहे?”

“भाडेकरू.”

“तपासणी केलीस का?”

“ती ठीक आहे. मुद्दाम खोकते. ऐक. मला एक सांगायचंय. मध्ये बोलू नको.” त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. “माझं मत मोजलेलं नाही.”

“कुठलं?”

“कुठलंच. इथे आल्यापासून. इथे आकडे घालतात. मी फुली काढत होतो. सगळी बाद.”

पलीकडे कप ठेवल्याचा आवाज आला. मग एक शिट्टीसारखा श्वास, आणि मग हसणं. असं हसणं मी त्या वर्षात ऐकलं नव्हतं. मध्येच खोकला, पुन्हा हसणं.

“म्हणजे मी गद्दार! आणि तू… इतकी वर्षं… तू मतच दिलेलं नाहीस!”

“हसू नको.”

“इथे दहा महिने मला झोप नाही, वडिलांचं मत विकलं म्हणून, आणि हा तिथे—”

“वडिलांनीच शिकवली फुली!”

“वडिलांना काय माहीत तू कांगारूंच्यात जाऊन राहणार! वर लिहिलेलं वाचायचं असतं, म्हाताऱ्या.”

ते लालबुंद झाले. मी खोकायच्या तयारीत होते. पण त्यांचे खांदे हलत होते, आणि मला जरा उशिराच कळलं की तेही हसताहेत, आवाज न करता, तोंडावर हात धरून.

हसणं ओसरल्यावर भाऊ म्हणाला, “मी का दिलं ते तरी विचार.”

“नाही विचारत.”

“खाण गेली. मग बस गेली. मग वाचनालय. चाळीस वर्षं नगरपालिकेत आपलेच होते, खिडकीत लाल कागद लावलेले. कोणी एकदा दार वाजवून विचारलं नाही. कशाला विचारतील? आम्ही देणारच होतो.”

“निळे विचारतात का?”

“नाही. तेही नाहीत विचारत.” तो थांबला. “वर्ष होत आलं. बस काही आलेली नाही.”

यावर हे काहीच म्हणाले नाहीत, आणि मीही खोकले नाही.

दुसरी मतपत्रिका मागवता येते हे मी वाचून ठेवलं होतं. ते मी सांगितलं तर भाऊ म्हणाला, “ही मुलगी शहाणी आहे. मागव.” बुधवारी सकाळी मी फोनवर त्यांना निवडणूक कार्यालयाशी बोलायला लावलं. गुरुवारी दुपारी पोस्टमनने पाकीट टाकलं. सहाला त्यांनी पुन्हा तिकडे फोन लावला. भाऊ नाश्ता करत होता. टोस्ट चावल्याचा आवाज येत होता.

मी पुस्तिका वाचायची, दोघांनी ठरवायचं, यांनी लिहायचं, अशी वाटणी झाली.

नर्सबाईंना एक. त्यावर वाद नव्हता. पुढचं सगळं वादाचंच.

“कुत्र्याबरोबर फोटो काढलाय तो कोण?” भावाने विचारलं, कारण मी फोटोंचंही वर्णन करत होते.

“त्याला फुटपाथ रुंद करायचेत,” मी सांगितलं.

“त्याला दोन दे. कुत्रा पाळणारा माणूस निदान पायी चालतो.”

“माझं मत आहे हे,” हे म्हणाले.

“पहिलंच आहे, मदत लागेल.”

त्यांनी दोन लिहिला. आकडे लिहायला त्यांना फुलीपेक्षा जास्त वेळ लागत होता. झाडांवाल्या मुलीला तीन. कचऱ्याचे डबे दर आठवड्याला उचलायला हवेत म्हणणाऱ्या बाईंना चार, भावाच्या आग्रहावरून. पाच एका निवृत्त शिक्षकांना. मग सहावी चौकट उरली. या गृहस्थांचं दुकान होतं, त्यांना कर कमी करायचे होते आणि नगरपालिकेतली माणसंही.

“हा निळा आहे,” हे म्हणाले.

“वाच पुन्हा,” भाऊ मला म्हणाला. मी वाचलं. “मला तर हा बरा वाटतोय. खड्डे बुजवतो म्हणतोय.”

“तुला वाटणारच.”

“याची चौकट रिकामी सोडली तर?” यांनी मला विचारलं.

नियमांमध्ये शेवटच्या एका चौकटीला काही सूट असते असं मी कुठेतरी वाचलं होतं. मला नक्की आठवत नव्हतं. मी म्हटलं, “भरलेली बरी. वर सगळ्या भरा म्हटलंय.”

पेन त्या चौकटीवर थांबलं. मला त्यांच्या हातावरच्या निळ्या खुणा दिसत होत्या. कोळशाची धूळ जखमेत राहिली की त्या कधी जात नाहीत, हे त्यांनीच एकदा सांगितलं होतं. पलीकडे टोस्ट चावणं थांबलं होतं.

“शेवटचा नंबर आहे रे,” भाऊ म्हणाला. “त्याला काही मिळत नाही त्यात. रांगेत उभा राहतो एवढंच.”

त्यांनी सहा लिहिला. गोल जरा चुकला.

“लिहिलास?”

“लिहिला.”

“हात जळला का?”

ते हसले नाहीत. त्यांनी पेनचं टोपण लावलं, मतपत्रिकेची घडी घातली, ती माझ्याकडे सरकवली. मग फोनकडे बघत म्हणाले, “उद्या किती वाजता नेणार तुला?”

“नऊला. टॅक्सी येईल.”

“पिशवी भरलीस?”

“भरतो.”

“पायमोजे घे जास्तीचे. तिथे थंडी असते फरशीवर.”

“तू कधी राहिलास दवाखान्यात?”

“ही जाण्याआधी राहिली होती ना.”

मी उठले. ते दोघंही माझ्याशी काही बोलले नाहीत आणि बोलायला हवं होतं असंही नाही. मी पाकीट चिकटवलं, मास्क लावला, दार हळूच ओढून घेतलं. बाहेर अजून उजेड होता. रस्त्यावर कोणी नव्हतं. खेळाच्या मैदानात झोक्यांना गुंडाळलेल्या फितीचं एक टोक सुटलं होतं आणि वाऱ्याने फडफडत होतं. पोस्टाची पेटी दोन चौक पलीकडे. मी पाकीट टाकलं, हात आत घालून ते खाली पडलंय ना हे चाचपलं.

परत जायला दहा मिनिटं पुरली असती. मी पूर्ण तासभर चालले, रोज चालायचे तेवढं. घराशी आले तेव्हा समोरच्या खोलीतला दिवा लागला होता. पडदा ओढलेला नव्हता. ते खुर्चीत पुढे वाकून बसले होते, स्पीकर बंद करून रिसीव्हर कानाला लावलेला, आणि बोलत नव्हते, ऐकत होते. मी किल्ली हातात घेऊन फाटकापाशी थांबले. आत गेले असते तर त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं.